तिसरा गिअर धरणाऱ्या वहिनी

गिअरवहिनी नवऱ्याचं घर सोडून गेल्या, ही बातमी सकाळी साडेदहाला मास्तरीणबाईंच्या गच्चीवरून सुटली आणि अकराच्या आत गल्लीच्या टोकाला इस्त्रीवाल्याकडे पोचली. तिथवर जाईतो वहिनींच्या हातात बॅग आली होती आणि डोळ्यांत पाणीसुद्धा. खरं एवढंच, की वहिनी घर सोडून अंगणापर्यंत गेल्या होत्या. जुन्या जीपच्या पुढच्या सीटवर, मांडीवर मटारची परात घेऊन, शेंगा सोलत बसल्या होत्या. उठायचं नाव काढत नव्हत्या.

वहिनींचे यजमान ढोरांचे डॉक्टर. टेकड्यांवरच्या गोठ्यांतून त्यांची फिरती. लग्न झालं त्याच महिन्यात जीपचा तिसरा गिअर बिघडला. जरा चढ लागला की दांडा आपोआप उडून मधे यायचा. डॉक्टर नव्या नवरीला म्हणाले, "दुरुस्त होईपर्यंत जरा धरतेस का?" ते 'होईपर्यंत' बावीस वर्षं चाललं.

सुरुवातीला वहिनी उत्साहाने आपणहून दांडा धरायच्या. एकदा डॉक्टरांना दुसरा टाकायचा होता आणि वहिनींची पकड काही सुटेना. त्या ओढाताणीत जीप कुणाच्या तरी गवताच्या गंजीत शिरली. तेव्हापासून कायदा झाला: 'धर' म्हटलं की धरायचा, 'सोड' म्हटलं की सोडायचा, मधे स्वतःची अक्कल चालवायची नाही. ब्रेक दोनदा दाबल्याशिवाय लागत नसे, पण ते डॉक्टरांचं खातं होतं. नवराबायकोत भांडण झालं तरी फिरती चुकत नव्हती. तोंड फुगवून निघाले, तरी पहिल्या चढाला "धर" आणि उताराला "सोड" म्हणावंच लागे. त्यामुळे त्या घरात अबोला म्हणून कधी तडीस गेला नाही.

आणि आता डॉक्टरांनी नवी गाडी आणली होती. पांढरी, उंच, आपले गिअर आपणच बदलणारी. शोरूमचा माणूस पहिल्या फेरीलाच वहिनींना म्हणाला होता, "काकू, तुम्ही काहीच करायचं नाही. फक्त बसायचं." हे त्याने कौतुकाने सांगितलं. वहिनींना मात्र नोकरीवरून काढल्यासारखं झालं. गोठ्यागोठ्यांतून 'डॉक्टर आणि वहिनी आले' असं म्हणत. उद्या डॉक्टर एकटे गेले तरी काही अडणार नव्हतं, आणि नेमकं तेच त्यांना सलत होतं.

आज तोच माणूस जुनी जीप न्यायला आला होता.

"अगं, लोक बघताहेत," डॉक्टर हळूच म्हणाले.

"बघू देत. तिकीट नाही लावलेलं."

"नव्या गाडीत आरामात बसशील गं."

"बसून करू काय? तुमचं तोंड बघू?"

गच्चीवर मास्तरीणबाईंना ठसका लागला.

शेवटी शोरूमच्या माणसाने वहिनींसकटच जीप सुरू केली. म्हणाला, एक चक्कर मारू, काकूंचा राग शांत होईल. कोपऱ्यावरच्या चढावर गिअर उडाला, तसा तो घाम पुसत परत आला. "डॉक्टर, हा राहत नाही हो! शोरूमपर्यंत न्यायची कशी?"

डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मटाराकडे पाहिलं.

"बघ बाई," डॉक्टर म्हणाले, "शेवटचं."

परात मास्तरीणबाईंकडे गेली आणि वरात निघाली. पुढे जीप, त्यात शोरूमचा माणूस आणि वहिनी. मागे नव्या गाडीत डॉक्टर. शेजारच्या सीटवर त्यांनी औषधांची जड बॅग ठेवली होती. गाडीला वाटलं कुणी बसलंय. पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून ती कोकलत सुटली. निम्म्या रस्त्यात डॉक्टरांनी हात टेकले आणि बॅगेला पट्टा लावला.

शोरूमच्या अलीकडे लांबलचक चढ आहे. माणसाने तिसरा टाकला. वहिनी दोन्ही हात मांडीवर ठेवून सावध बसल्या होत्या, अगदी तयारीत. एक क्षण गेला, दोन गेले. माणूस रस्त्याकडे बघत गुणगुणत होता. दांडा टुणकन उडाला. त्याने ब्रेक दाबला, आपला सरळमार्गी माणसासारखा एकदाच. जीप थबकली, विचारात पडल्यासारखी झाली, आणि मागे मागे येत नव्या गाडीच्या नाकाडावर अलगद टेकली.

जीपला ओरखडा नाही. नव्या गाडीचा दिवा फुटला, आतला स्क्रीनचा पडदा काळा झाला आणि मग ती जागची हलेचना. तिला साखळीने शोरूममध्ये ओढून नेलं. तीन आठवडे लागतील म्हणाले. तेवढ्यात डॉक्टरांना वरच्या गोठ्यातून फोन आला, गाय अडली होती. हाताशी गाडी होती ती एकच, जुनी जीप. नव्या गाडीतली बॅग पट्टा सोडवून जीपच्या मागे टाकली, वहिनी पुढे बसल्या.

पहिला चढ आला. "धर," डॉक्टर म्हणाले. वहिनींनी दोन्ही हातांनी दांडा धरला.

चढ संपला. डॉक्टर न राहवून म्हणाले, "खरं सांग. मघाशी मुद्दाम सोडलास ना?"

"सोडला कुठे? मी धरलाच नव्हता. बावीस वर्षांत तुम्ही म्हटल्याशिवाय कधी हात लावलाय? आणि म्हणणारा माणूस मागे बॅगेला पट्टा लावत बसला होता."