मोहरीतल्या गोळ्या

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हट्टात तर नव्हताच नव्हता. रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरांनी रोजची एक गोळी लावून दिली. गोळी पाहिली आणि मास्तरांना थोरला भाऊ आठवला. त्याला उतारवयात प्रेशरच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पुढे तो सख्ख्या लेकीला "बाई, तुम्ही कोण?" विचारायला लागला. मास्तरांनी दोन्हीची गाठ मारून टाकली. मरणाला ते भीत नव्हते. आपल्या माणसांना विसरायला भीत होते.

"घेतली का?" मास्तरीणबाई पाण्याचा पेला धरून उभ्या.

"घेतली की! तोंड उघडून दाखवू? दात मोजशील उगीच, आधीच कमी आहेत."

पाणी पोटात, गोळी मुठीत. दुकानाचा केरही बाईच काढायच्या, तेव्हा तिथे टाकायची सोय नाही. मग शिंपी माणूस काय करणार? गिऱ्हाइकाच्या पँटीची मोहरी दुमडताना गोळी आत, वरून सुबक टीप. निम्मी गल्ली मास्तरांचं औषध पायाशी घेऊन हिंडत होती आणि कुणाला पत्ता नाही!

बिंग फोडलं न्हाव्यानं. धुतलेल्या पँटीवर पांढरा डाग दिसला म्हणून त्यानं मोहरी उसवली आणि तो घरी आला.

"वहिनी, मास्तर हल्ली बटणं आतून लावतात का हो?"

सगळे पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत. त्याच आठवड्यात मास्तरांनी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, भावाचं डोकं गोळ्यांनी नाही गेलं. त्याआधी कित्येक वर्षं चढलेल्या प्रेशरनं मेंदूतल्या बारीक नसा खराब केल्या. गोळीनं तो धोका वाढत नाही, झाला तर कमीच होतो."

मास्तर बायकोला म्हणाले, "ज्या चोराला भ्यालो, त्यालाच दार उघडून दिलं गं मी."

आता मास्तर गोळी निमूट घेतात. कुरकुर नाही, थट्टा नाही. बाईंना वाटतं, एकदा तरी खेकसावं यांनी. परवा पेला परत देताना ते अदबीनं म्हणाले, "फार करता हो ताई माझं. निघा आता, घरी वाट बघत असतील. माझी बायको येईलच एवढ्यात."

"बरं," म्हणून बाई चपला घालून बाहेर पडल्या. पायरीवर थोडं थांबल्या, तोंड पुसलं आणि हसत आत आल्या.

"आले हो!"

मास्तरांनी मान वर केली.

"काय ताई, काही विसरलात का?"