सोपानचा दोर

काल संगमनेरच्या बाजारात ओल्या घायपाताचा वास आला आणि मी थबकलेच. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला मी पारनेरजवळ मतिमंद प्रौढांना घायपाताचे दोर वळायला शिकवायचे. वय बावीस, अंगात नुसती घाई. चाळिशीतला सोपान पीळ देत एकेक पाऊल मागं सरकायचा. "अरे सोपान, आटप!" म्हणत मी दोर हिसकावून झटपट पुरा करायचे.

एकदा एक शेतकरी विहिरीसाठी दोर घ्यायला आला. माझा दोर त्यानं पायाखाली धरून हिसडला, तसा पीळ उकलला. "ह्यो न्हाई चालायचा." मग त्यानं कोपऱ्यातला दोर उचलला. मी रजेवर असताना सोपाननं तो एकट्यानं वळला होता. शेतकऱ्यानं अंगाचा सगळा भार टाकून ओढलं, तरी पीळ जागचा हलला नाही.

"लई चिवट हाय! कुनी वळला?"

सोपाननं दोन्ही हात वर केले. सगळा वर्ग टाळ्या पिटत उठला.

दुसऱ्या दिवशी सोपाननं माझ्या हातात नव्या दोराचं एक टोक दिलं, दुसरं स्वतः धरलं.

"बाई, पळू नका. दमानं."

"बरं, सोपानदादा," मी म्हणाले, आणि एक पाऊल मागं सरकले.