मधमाशा म्हणायला काय झालं होतं

सातपूरची कंपनी बंद पडली तेव्हा मी नववीत होते. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसरीकडे लेथवर काम शोधलं, पण वय बघून सगळ्यांनीच नाही म्हटलं. शेवटी त्यांनी बस स्टॉपजवळ उसाच्या रसाची गाडी लावली. सुट्टीच्या दिवशी आई आणि मी ग्लास विसळायला जायचो.

ऊन तापू लागलं की मधमाशा यायच्या. चरकातून निघालेल्या चिपाडांवर, भांड्याच्या काठावर, लिंबाच्या फोडींवर बसायच्या. दादा त्यांना मारत नसत. चिपाडांचा ढीग ते मुद्दाम लांब, कडुनिंबाखाली टाकायचे. बऱ्याचशा मधमाशा तिकडेच रमायच्या. तरी प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "ग्लासात बघून प्या."

एका दुपारी दादांच्या हाताखाली लेथ शिकलेला एक जण दोस्तांना घेऊन आला. जवळच्याच एका कारखान्यात तो आता कायम झाला होता. रस देताना दादा म्हणाले, "आधी बघ रे." त्याचं बोलण्यातून लक्ष निघेना. न बघताच त्याने घोट घेतला आणि मधमाशी जिभेला डसली.

दादांनी नखाने काटा खरवडून काढला, तोंडात बर्फ धरायला दिला, गाडी आमच्यावर टाकून त्याला लुनावरून डॉक्टरकडे नेलं. थोडी सूज आली, लवकरच उतरली.

तो कामावर परतला आणि ज्याला त्याला सांगत सुटला, "भाऊंच्या गाडीवर लय माशा असतात." मधमाशा म्हणाला नाही. माशा म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे यायचं ते आलं. शिफ्ट सुटल्यावर आमच्याकडे होणारी गर्दी आटली. दादांनी गाडीला जाळी लावली, खालची फरशी फिनेलने धुतली. मग उरलेल्यांना रसाला फिनेलचा वास यायला लागला. समोरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटवर तशाच मधमाशा घोंगावत होत्या. आमची नेहमीची माणसं तिथे उभी राहून स्ट्रॉने पीत होती.

तो स्टॉपवर दिसला तेव्हा दादांनी त्याला गाठलं. मी शेजारीच होते.

"तू असं का सांगितलंस?"

"भाऊ, मी काय खोटं बोललो? माशा होत्याच ना."



दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आणलं आणि कडुनिंबाखालच्या ढिगावर ओतलं. ओल्या चिपाडांवर मधमाशा वळवळत पडल्या. आईने त्यांचा हात धरला. "यांनी काय केलं होतं?"

"काही नाही," दादा म्हणाले आणि उरलेलं पाणीही ओतून मोकळे झाले.

पावसाळ्याआधीच गाडी विकली. दादा एका बंगल्यावर वॉचमन म्हणून लागले.

काही वर्षांनी माझ्या लग्नात तो आला, बायकोमुलांना घेऊन. दादांनीच बोलावलं होतं. त्यांनी त्याला पहिल्या पंगतीत बसवलं आणि स्वतः आग्रह करून वाढलं. तोही हसून, "बस, भाऊ, बस," म्हणत खात होता. मी स्टेजवरून बघत होते. त्या माणसाचा राग आलाच, पण दादांचा त्याहून जास्त आला. त्यांना हे कधी सांगितलं नाही. राग मात्र अजून गेलेला नाही.