मूठभर कोंडा

गणपतभाऊ बैलांशी बोलायचा आणि माणसांवर ओरडायचा. नांदुरा स्टेशनावरून त्याची दोन बैलांची दमणी सुटली, की मागे बसलेल्या उतारूंना वाटे, हा आपल्याशीच इतकं गोड बोलतोय. "हां राजा, हां. येवढा चढ सरला का पुढं उतारच हाय!" एकदा मी भाबडेपणाने 'ओ' दिली. तो वळून म्हणाला, "काऊन बे बाबू, तुले जुंपलं काय?"

वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा, त्या काळात मी नांदुऱ्यातल्या एका कापसाच्या जिनात कारकून होतो आणि भाऊच्या शेजारच्या खोलीत राहायचो. दोघेही सडेफटिंग. फरक इतकाच, की मला मुली सांगून येत नव्हत्या आणि त्याला आलेल्या त्याने हाकलून दिल्या होत्या. "बायको आली का लेकरू येते, लेकरू आलं का रडनं येते. माहे बैल कधी रडले काय?"

समोर नामदेव माळी राही. त्याची लेकरं जगत नव्हती. पुन्हा मुलगी झाली, तेव्हा बारशाच्या सकाळी त्याची आई ठकाबाई बाळाला सुपात घालून बाहेर आली. अशा घरचं लेकरू परक्याला विकून टाकतात. मग यम दारात आला तरी 'इथलं नाही' असं सांगता येतं. गिऱ्हाईक मात्र बिनलेकराचं हवं. ठकाबाई आधी माझ्यापुढेच उभी राहिली. "घेता काय बाबू? मूठभर कोंडा द्या."

संकटात माझी बुद्धी नेहमीच पळवाटेला धावते. म्हणालो, "माझ्याकडे कुठला कोंडा? कोंडा त्या गणपतभाऊकडे."

भाऊ तेव्हा बैलांसाठी पोत्यातून कोंडा काढत होता. नाही म्हणायला त्याने तोंड उघडेपर्यंत म्हातारीने त्याच्या हातातला कोंडा पदरात झटकून घेतला आणि सुपातली पोर त्याच्या ओंजळीत ठेवली. पोरीचं नाव पडलं कोंडी.

कोंडी वाढली नामदेवच्याच घरी, पण म्हणायला ती भाऊची. माय चुकूनही 'माझी' म्हणत नसे. पोरीने दूध सांडलं, की "जाय तुह्या बाकडे!" आणि पोर खरोखरच येई, 'बा' म्हणून हाक मारी. भाऊ उसळे. "बा कोनाले म्हनतं? भाऊ म्हन!" मग दारात उभा राहून साऱ्या आवाराला ऐकवी, "नामदेव, माहा कोंडा मले वापस देय, अन् हिले घेऊन जाय!" हे वाक्य आमच्या कानांत इतकं बसलं, की जिनात कुणी खराब कापूस आणला तरी माझ्या तोंडून तेच निघे.

कोंडीला गोवर आला, तेव्हा विकलेली पोर घरात ठेवायची नामदेवची छाती होईना. ती भाऊच्या खाटेवर आली. मी डोकावलो, तर भाऊ ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसत होता. "हां राजा, हां. येवढा चढ सरला का पुढं उतारच हाय." पोर गुंगीत 'बा' म्हणाली. "भाऊ," त्याने हळूच दुरुस्त केलं. ओरडला मात्र नाही.

बरी झाल्यावर ती दमणीत पुढे, त्याच्या शेजारी बसू लागली. कासरा धरायला शिकली. आणि शहाण्यासारखी 'भाऊ' म्हणू लागली. एखादं शिकवणं वाया गेलेलं बरं असतं.

तिचं लग्न ठरलं. कन्यादान करायचं, तर विकलेली मुलगी आधी परत घ्यावी लागते. हळदीच्या दिवशी ठकाबाई नव्या सुपात कोंडा घेऊन भाऊच्या दारात आली. मागे नामदेव, मान खाली घालून.

"गणपत, घेय तुहा कोंडा. सांग, पोर कोनाची?"

'तुमची' म्हणायचं, एवढंच. इतकी वर्षं तो हेच तर मागत होता. भाऊ सुपाकडे बघत राहिला. जरा हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "घ्या भाऊ, झाला एकदाचा कोंडा वसूल!" कुणी हसलं नाही. माझे विनोद नेहमीच पडतात, पण इतक्या उंचावरून तो पहिलाच पडला.

"राहू देय नं, काकी," भाऊ म्हणाला. "कोंडा लय हाय माह्याजोळ."

म्हातारी सूप तसंच धरून उभी राहिली. मग तिने ते आणखी पुढे केलं, तेव्हा त्याने उपरण्याचं टोक पसरलं.

"तुमची."

कोंडी त्याच्या पाया पडली आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "येतो, भाऊ."

लग्नानंतर तिला सासरी पोचवायला दमणी भाऊचीच होती. बाप म्हणून नव्हे, गाडीवान म्हणून. मी रुखवताचं पातेलं मांडीवर घेऊन मागे कोंबलेला. तो कोंडा उपरण्याच्या टोकाला तसाच बांधलेला होता. रस्ता तळहातासारखा सपाट. भाऊ बैलांशी चकार शब्द बोलेना. बैलही कान मागे टाकून चालले होते.

बऱ्याच वेळाने पदराआडून आवाज आला, "हां बा, हां. येवढा चढ सरला का पुढं उतारच हाय."

मी आपला शहाणा. म्हणालो, "अगं कोंडे, इथे चढ कुठंय?"

"हाय, बाबू," भाऊ वळून न पाहता म्हणाला. "तुले दिसत नाई."