आयुधपूजेला बंद केलेला संगणक

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. बेळगावकडच्या आमच्या खेड्यात चौथीपर्यंत मराठी शाळा होती, तेवढीच शिकले. लग्न होऊन म्हैसूरला आले, मग पाट्याही कानडीत वाचायची सवय लागली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुकांचा राग धरू नये. जे झालं ते मलाच समजावं म्हणून लिहिते आहे. अजून पुरतं समजलेलं नाही.

माझी सून पुण्याची. मुलगा सरगूरला शाळेत शिकवतो, शनिवारी घरी येतो. बाकी आठवडाभर सरस्वतीपुरमच्या घरात आम्ही दोघीच. एक दिवस ती म्हणाली, "आई, मी नोकरी सोडली. मी फोन बनवतेय."

घरात मला ना स्क्रू दिसला, ना तार. तेव्हा तिने सांगितलं, "बाहेरचा नाही हो, आतला. फोन सुरू केल्यावर जे जे दिसतं, ते सगळं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्या चित्रांचं."

"आणि फोन?"

"तो पण संगणकातच. खोटा फोन असतो, आधी त्याच्यावर चालवून बघायचं."

खोट्या फोनसाठी खरी नोकरी सोडली, एवढंच मला कळलं. मी मान हलवली.

दसरा झाला की दुसऱ्या दिवशी एका संस्थेची माणसं हे बघायला येणार होती. आवडलं तर तिला वर्षाचं काम मिळणार होतं. पण आमचा संगणक अपुरा पडत होता, अर्ध्यावर येऊन थांबायचा. त्याची मेमरी वाढवायला अठ्ठावीस हजार लागत होते. तिने मागितले नाहीत. मीच म्हटलं, संघातून आणते.

गल्लीतल्या बायकांचा आमचा बचत संघ आहे. अकरा वर्षांत मी कर्ज घेतलं नव्हतं, कारण ते सगळ्यांसमोर उभं राहून मागावं लागतं. त्या शुक्रवारी उभी राहिले. बोलणं कानडीत झालं, इथे मराठीत लिहिते.

"कशाला हवेत?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"सून फोन बनवते."

"अय्यो, दुकानात दहा हजाराला मिळतो की."

"तो हातात धरायचा नाही. संगणकाच्या आत असतो."

"मग रिंग वाजली की संगणक उचलून कानाला लावणार काय, अक्का?" फुलं विकणारी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मलाही तीच शंका होती. पैसे मिळाले. पण नाव माझं. हप्ता चुकला तर उभं राहून कारण मलाच सांगावं लागणार होतं.

मेमरी बसली आणि काम पुढे सरकू लागलं. मग खंडेनवमी आली, इथे तिला आयुधपूजा म्हणतात. सकाळी सुनेने संगणकावर काहीतरी सुरू केलं आणि "आई, संगणकाला पण हळदकुंकू लावा हं," म्हणून पूजेला फोडायचा कोहळा आणायला गेली. मी विळी, मिक्सर, शिलाई मशीन पुसून मांडलं. पूजेच्या दिवशी हत्याराला काम लावायचं नाही, हे मी लहानपणापासून पाळत आले. संगणक मात्र घुमत होता, हात लावला तर चांगला तापलेला. पडद्यावर ओळी पळत होत्या. वाटलं, घाईत बंद करायचा राहिला. भिंतीवरचं बटण बंद केलं, गंध लावलं, वर झेंडू ठेवला.

ती आली ती दारातच थांबली. "आई, हा गप्प का?"

"पूजेला बसवलाय."

तिने कोहळा खाली ठेवला आणि स्वतःही जमिनीवर बसली. "कुठपर्यंत आलं होतं?"

"कोण?"

ती हळूच म्हणाली, "सहा तासांचं काम होतं. परत कधी लावू?"

"उद्या. पूजा उतरल्यावर."

"परवा ते लोक येणार, आई."

तिने बटणाला हात लावला नाही. मी सांगेन म्हणून ती वाट बघत राहिली. विचारावं कुणाला? शेवटी मनात आलं, गणपतीसुद्धा काही घरांतून दीड दिवसात उठतो. मी एकट्या संगणकावर अक्षता टाकल्या, त्याला जागचा जरासा हलवला, फूल काढून घेतलं. बाकीची हत्यारं तशीच बसलेली राहिली.

संगणक सुरू झाला आणि लाल ओळी आल्या.

"आता पहिल्यापासून?"

"नाही. झालेलं तसंच राहतं. बटण बंद झालं तेव्हा जे अर्धवट लिहिलं जात होतं, तेवढं बिघडलंय. ते शोधून पुसायचं."

शोधण्यात दुसरा दिवस उजाडला. गल्ली जंबूसवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक, बघायला रिकामी झाली, आम्ही घरात. दुपारनंतर पडद्यावर फोनचं चित्र आलं, आधी नुसतं काळं, मग त्यात मोठाली चित्रं उमटली. एकात माझ्या मुलाचा फोटो.

"दाबा," ती म्हणाली. मी काचेवर बोट ठेवलं.

"माऊसने, आई."

दाबलं. आत रिंग वाजू लागली.

"त्याला लागला?"

"नाही. याला नंबरच नाही."

"मग कुणाला लागला?"

"कुणालाच नाही. पण लागला," ती म्हणाली आणि डोळे पुसू लागली. मी तिला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या माणसांनी तिला बाजूला बसवलं आणि मलाच दाबायला लावलं. फोटो बघून बघून मी दाबत गेले, एकही अक्षर वाचावं लागलं नाही. ते आपसात इंग्रजीत बोलले. आवडलं की नाही ते मला चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. आठवड्याने काम मिळाल्याचा निरोप आला.

पहिल्या पगारापासून सून दर महिन्याला पैसे माझ्या हातात ठेवायची आणि मी संघात नेऊन भरायची. एकही हप्ता चुकला नाही. दहाव्या महिन्यात शेवटचा भरला. अध्यक्षीणबाईंनी रक्कम दोनदा मोजली, माझ्या पानावर खाली दोन रेघा ओढल्या आणि माझी सही घेतली. अठ्ठावीस हजार, व्याजासकट, सगळे फिटले.