किती उशा लागतात

परिचारिकेच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी मला सगळं येतं असा माझा समज होता. त्याला कारणही होतं. हृदय आणि फुप्फुसांच्या तपासणीच्या परीक्षेत मी वर्गात पहिली आले होते. नाशिक रोडला घरी गेले तेव्हा वडिलांनी नोटांच्या प्रेसमधल्या आपल्या शिफ्टला पेढे वाटले. मी आईला खाटेवर बसवून, तिला कळू न देता, मिनिटभर तिचे श्वास मोजले आणि अठरा भरले असं जाहीर केलं. आई म्हणाली, "झालं का? आता कुकरच्या शिट्ट्या मोज."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात आम्ही शिकत होतो आणि तिथल्या स्त्रियांच्या वॉर्डात माझी सकाळची ड्यूटी होती. आम्हाला शिकवणाऱ्या बाई फार नीट शिकवायच्या. त्या सांगायच्या, हृदय थकलं की फुप्फुसात पाणी साचतं. माणूस आडवा झाला की ते वर चढतं आणि जीव गुदमरतो, म्हणून तो डोक्याखाली एकेक उशी वाढवत जातो. तेव्हा पेशंटला विचारायचं, रात्री किती उशा लागतात? एक, दोन की तीन? जितक्या उशा जास्त, तितकं हृदय दमलेलं. मी हा प्रश्न वहीत लाल शाईनं चौकटीत लिहून ठेवला होता.

वॉर्डात मात्र आणखी एक शिक्षण चालायचं आणि ते कोणी शिकवायचं नाही. खाटा चाळीस आणि आम्ही विद्यार्थिनी दोघी. ताप थर्मामीटर सांगायचा. नाडी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची. आणि श्वासाच्या रकान्यात वीस लिहायचं. आधीच्या मुली वीस लिहायच्या, म्हणून आम्हीही वीस लिहायचो. तापानं फणफणलेली बाई असो की उद्या घरी जाणारी, सगळ्या मिनिटाला वीस. त्या रकान्याकडे कोणी बघतही नसे.

एका दुपारी, माझी ड्यूटी संपता संपता, येवल्याहून एक बाई दाखल झाली. चाळिशीची असेल. नवरा पैठणीच्या मागावर बसायचा आणि ही त्याला रेशमाच्या कांड्या भरून द्यायची. दोघं एसटीनं आली होती. दम लागतो, खोकला जात नाही, अशी तक्रार. मी तिचा फॉर्म भरायला बसले आणि माझा लाल चौकटीतला प्रश्न आला.

"मावशी, रात्री झोपताना किती उशा लागतात?"

"उशी?" ती जरा हसली. "नाय बा. उशी नाय लागत."

मी लिहिलं, उशी लागत नाही. बाजूला माझ्या मनानं जोडलं, सपाट झोपते. प्रश्न बरोबर विचारला आणि उत्तर स्वच्छ मिळालं, याचं मला समाधान वाटलं. दुपारच्या गर्दीत धाकट्या डॉक्टरांनी तो फॉर्म पाहिला, खोकल्याचं औषध लिहिलं आणि बाकीचं सकाळी मोठे डॉक्टर बघतील म्हणून पुढे गेले.

सकाळी मी ड्यूटीवर आले तेव्हा ती खाटेच्या कडेला पाय सोडून, बाजूच्या लोखंडी कपाटावर कोपरं टेकून बसली होती. मला वाटलं, खेड्यातली बाई, खाटेची सवय नाही. मी तिची नाडी घेतली. नाडी जोरात पळत होती, ती मी लिहिली. आणि शेजारच्या रकान्यात वीस लिहिलं.

नऊ वाजता मोठ्या डॉक्टरांचा राउंड असायचा. त्याआधी वॉर्ड सिस्टर सगळ्या वॉर्डावर नजर फिरवायच्या. चादरीला सुरकुती नको, ब्लँकेटची घडी पायाशी, आणि पेशंट सरळ झोपलेला हवा. कोणी बसलेलं दिसलं की आमची कानउघाडणी ठरलेली. पावणेनऊला मी तिच्या खाटेशी आले आणि म्हणाले, "मावशी, आडव्या व्हा बघू."

"ताई, बशीनच मी."

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. डॉक्टर येऊन गेले की बसा हवं तेवढं."

तिनं माझ्या पांढऱ्या टोपीकडे पाहिलं आणि ती आडवी झाली. मी तिचे पाय सरळ केले, चादर ताणली, कडा गादीखाली खोचल्या. घट्ट खोचल्या, हे मला नीट आठवतं.

मी पुढच्या खाटेवर वाकले होते तेव्हा मागून आवाज आला. आधी खोकला, आणि मग भाताच्या पातेल्यात आधण उकळावं तसा बुडबुड आवाज. वळून पाहिलं तर तिच्या तोंडातून गुलाबी फेस येत होता. ओठ जांभळे पडले होते, नखंसुद्धा. डोळे माझ्यावर होते. ती उठायला बघत होती आणि मी खोचलेली चादर तिला उठू देत नव्हती.

पुस्तकात हे सगळं होतं. फेसाचा रंगसुद्धा होता. आणि मी जागच्या जागी थिजून उभी राहिले. काय करायचं ते एक अक्षर आठवेना.

वॉर्ड सिस्टर धावत आल्या. एका हिसक्यात चादर उपसून त्यांनी तिला काखेत धरून बसवलं, पाय खाली सोडले आणि तिची पाठ स्वतःच्या छातीला टेकवली. "ऑक्सिजन," त्या एवढंच म्हणाल्या. सिलिंडर कोपऱ्यात होता. त्याची चावी सारखी हरवते म्हणून कोणीतरी ती बँडेजच्या पट्टीनं कपाटाच्या कडीला बांधली होती. माझ्या बोटांना ती गाठ सुटेना. शेवटी कात्रीनं कापली. नळी तिच्या नाकात गेली, बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येऊ लागले. धाकट्या डॉक्टरांनी शिरेत इंजेक्शन दिलं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी व्हावं म्हणून हातापायांना आळीपाळीनं रबरी नळ्या बांधल्या. सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "श्वास मोज. पूर्ण मिनिट."

मी मोजले. चव्वेचाळीस.

तासाभरापूर्वीचा माझा वीस तक्त्यावर, खाटेच्या पायथ्याशी लटकत होता.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. बघताक्षणीच त्यांच्या लक्षात आलं. "हिला आडवं कोणी केलं?" त्यांनी विचारलं. तिचं मनगट अजून माझ्या हातात होतं. एक एक शब्द तोडत ती म्हणाली, "मीच... पडले... सायेब."

डॉक्टर तिच्यावर चिडले. जिवाची काही काळजी आहे की नाही, आम्ही काय करायचं मग, असं बरंच बोलले. ती मान खाली घालून ऐकत होती, श्वास ओढत होती. आणि मी गप्प उभी होते. त्या दिवसाचं मला सगळ्यात लाजिरवाणं काय वाटतं असं कोणी विचारलं, तर ना वीस ना चादर, हे गप्प राहणं.

दुपारपर्यंत तिचे ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले. व्हरांड्यात तिचा नवरा बसला होता. सकाळी काय झालं ते मी त्याला सांगायला गेले. आडवी झाल्यावर त्रास वाढला, असं मी म्हणताच तो ताडकन उठला.

"आडवी? ती कशी आडवी हुईल, ताई? दोन वरसं झाली, मागाच्या खांबाला टेकून बसल्या बसल्या झोपती ती. घरात समद्यांना ठाऊक हाय."

"पण मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, उशी लागत नाही."

"आमच्या घरात उशी हाय कुठं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी तिथून सरळ वॉर्ड सिस्टरांच्या टेबलाशी गेले, फॉर्म आणि तक्ता समोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. आडवं मी केलं. उशीचं मी लिहिलं. श्वास मोजलेच नव्हते. आता आपलं शिक्षण संपलं, या तयारीनं मी उभी होते.

सिस्टरांनी तक्ता हातात घेतला. मग त्यांनी मागचे तक्ते काढले, त्याच्याही मागचे काढले. सगळीकडे वीस आणि प्रत्येक पानाखाली त्यांची सही. त्यांचा चेहरा उतरला. त्या उठल्या आणि मला घेऊन पहिल्या खाटेशी गेल्या. घड्याळ हातात धरून प्रत्येक बाईचे श्वास मिनिटभर मोजायला लावलं, चाळीसही खाटा. बरोबर वीस भरणाऱ्या फार थोड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोठ्या डॉक्टरांसमोर उभं केलं. डॉक्टरांनी मला भरपूर झापलं, माझं काही म्हणणं नाही. पण त्या बाईला जे बोलले होते, ते मागे घ्यायला काही तिच्या खाटेपर्यंत गेले नाहीत. मग मीच गेले.

"मावशी, तुम्ही खोटं का बोललात?"

"तुमचा हात लय कापत व्हता," ती म्हणाली आणि विषय तिथंच सोडला.

काही दिवसांनी तिला घरी सोडलं. गोळ्या कशा घ्यायच्या, मीठ किती कमी करायचं, पायावर सूज दिसली की लगेच यायचं, हे मी तीन तीनदा सांगितलं. तिनं पिशवी उचलली, दोन पावलं गेली आणि परत आली.

"ताई, आता घरी आडवंच झोपायचं ना?"

"नाही, मावशी. खांबाला टेकूनच झोपा. बसूनच."

तिनं पिशवी खाली ठेवली.

"म्हंजे मी झोपत व्हते ते बरोबरच व्हतं?"

"बरोबरच होतं."

"तुम्ही आडवं व्हा म्हनला ना," ती म्हणाली, "तवा मला वाटलं, मलाच झोपता येत नाय."