धोतर, तपकीर आणि सोनचाफा

कुंभकोणमला आमच्या घरी एकदा एक अनोळखी फोटोग्राफर आला. परसातल्या सोनचाफ्याचं पहिलं फूल त्याला अगदी जवळून टिपायचं होतं. आईनं ते विठोबासाठी राखलेलं. "नाक लावू नका, हुंगलेलं फूल देवाला चालत नाही," अशी ताकीद देऊन तिनं ते दिलं.

खिडकीतलं ऊन फार कडक, म्हणून त्यानं सरळ नेसतं धोतर सोडून गजांना बांधलं. मग चड्डीवरच, श्वास रोखून, कॅमेऱ्यासकट फुलावर ओणवा झाला. आई डोळे मिटून पहारा देत होती.

फोटो निघाला. "अम्मा, काळजी नको. तपकिरीनं माझं नाक कधीच गेलंय, रसमचासुद्धा वास येत नाही," असं म्हणाला आणि फुलावरच शिंकला.

आठवड्यानं तो फोटो देऊन गेला. आईनं तो विठोबापुढे ठेवला.

"अगं, हे तेच फूल!" मी म्हटलं.

"तेच. पण शिंकेच्या आधीचं."